एकाच चुलीचं घर

शिध्याचं कार्ड बंद झालं ते आमच्या सासूबाईंच्या एका वाक्यापायी. तपासनीस घरी आला तेव्हा मी कामावर होते आणि नवरा आत पाठ धरून पडलेला. त्याने विचारलं, "आजी, घरात सगळ्यांचा स्वयंपाक एकत्रच होतो ना?" आणि आमच्या आई ताठ बसून म्हणाल्या, "आमच्याकडे एकच चूल आहे. माझी मुलं वेगळी राहणाऱ्यातली नाहीत." झालं! त्याने ते लिहून घेतलं, वर चहाही प्यायला आणि गेला.

खरं सांगायचं तर आमच्या घरात कधीच्याच दोन चुली झाल्यात. भावाभावांचं बिनसलं तेव्हा स्वयंपाकघर थोरल्या दिरांकडे गेलं आणि आमच्या वाट्याला न्हाणीघरासमोरचा बोळ आला. तिथे स्टुलावर माझी शेगडी. जाऊबाई आणि मी एकमेकींशी बोलत नाही, मीठ संपलं तरी मागत नाही. आई दिरांकडे जेवतात, कारण त्यांच्याकडे पगार येतो. हे सगळ्या जिन्याला ठाऊक आहे. पण परक्या माणसासमोर घरातली फूट सांगायची म्हणजे आईंचं नाकच कापलं जातं. दारात कोणी आलं की सगळं झकास चाललंय असंच सांगायचं, ही त्यांची जन्माची खोड. मग शिध्याच्या कार्यालयाने दिरांचा पगार आमच्या उत्पन्नात धरला आणि कळवलं, की या कुटुंबाला मदतीची गरज नाही.

गरज नाही म्हणे! मी इस्पितळाच्या धुलाईत चादरी पिळते. नवरा गोदामात पोती उचलायचा, ती उचलताना पाठ गेली. दोन पोरं वाढत्या वयाची. माझ्या पगारात भाडं, वीज आणि औषधं निघतात, आणि मग जेवण कशात बसवायचं ते कोणीतरी मला सांगावं. मी त्या कार्यालयात या खिडकीवरून त्या खिडकीवर फिरले. शेवटी एक कारकून कंटाळून म्हणाला, "बाई, आमच्याकडे नका भांडू, कोर्टात जा." त्याला वाटलं असेल, ही कुठली जाते. गेले.

गरिबांसाठी नेमलेल्या वकीलबाई मिळाल्या. त्याही माझ्याइतक्याच दमलेल्या. शेगडीचे फोटो पाहून म्हणाल्या, "बोळात शेगडी काय, कोणीही ठेवेल. कार्यालयाकडे घरातल्या वडीलधाऱ्या बाईंचा जबाब आहे. तो खोटा होता, हे त्यांनीच येऊन सांगायला हवं."

घरी येऊन आईंना सांगितलं.

"म्हणजे भर कोर्टात उभी राहून सांगू, की मी खोटारडी आहे?"

"हो."

"आणि माझ्या मुलांचं पटत नाही, हेही?"

"तेही सांगा."

नवरा आतून म्हणाला, "अगं, राहू दे ना. आईला कशाला?"

माझं डोकंच फिरलं. "राहू दे काय राहू दे? पोरं दुपारी ब्रेड पाण्यात बुडवून खातात, आणि म्हणे राहू दे! तुमच्या घराची अब्रू शिजवून वाढू का त्यांना?" आई उठून गेल्या. मला वाटलं, संपलं सगळं.

तारखा पडत राहिल्या. कधी कार्यालयाचा वकील नाही, तर कधी न्यायाधीशबाई रजेवर. दर वेळी माझा खाडा. बाकावर बसल्या बसल्या मला झोप लागायची आणि वकीलबाई कोपराने उठवायच्या. वैतागाचाही कंटाळा येतो, हे मला तिथे कळलं.

एकदाचा पुकारा झाला तेव्हा आई, मी पुन्हा विचारलं नसतानाही, धुतलेलं लुगडं नेसून माझ्या शेजारी होत्या. मागच्या बाकावर दीर येऊन बसले होते, आपलं नाव कुठे येतंय का ते बघायला.

कार्यालयाचा वकील तरणाबांड होता, आवाज मात्र गोड. "आजी, तेव्हा खोटं बोललात म्हणता. मग आज खरं बोलताय कशावरून?"

आईंनी कठड्याला घट्ट धरलं. "तेव्हा लाजेपायी खोटं बोलले. आज लाज वाटत असूनही बोलतेय, यावरून." मग त्या न्यायाधीशबाईंकडे वळल्या. "माझ्या घरात दोन चुली आहेत, बाई. मी थोरल्याकडे पोटभर जेवते. धाकट्याची पोरं बोळात बसून असतात, मला दिसतात. म्हणून मी ताट घेऊन भिंतीकडे तोंड करून बसते. रोज."

दीर उठले आणि बाहेर निघून गेले. मी मान खाली घातली. इतके महिने ज्या बाईला मी मनातल्या मनात शिव्या घातल्या, ती माझी पोरं दिसतात म्हणून भिंतीकडे तोंड करून जेवते, हे मला माहीतच नव्हतं. मला आपली त्यांची पाठ दिसायची आणि संताप यायचा.

निकाल आमच्या बाजूने लागला. कार्ड पुन्हा सुरू. वकीलबाईंनी माझा हात दाबला आणि पुढच्या बाईला हाक मारली. मला आनंद व्हायला हवा होता, पण आधी पाय दुखतायत हेच जाणवलं.

घरी आलो तर आईंची वळकटी आणि औषधांची पिशवी बोळात आणून ठेवलेली. स्वयंपाकघराचं दार लोटलेलं. आतून दिरांचा आवाज आला, "ज्यांची बाजू घेतलीस, आता त्यांच्याकडेच जेव." जाऊबाईंचा नळ तेवढा बराच वेळ वाहत होता.

कार्ड चौघांचं आहे. पाचवं नाव घालायचं तर नवा अर्ज, पुन्हा तपासणी, आणि ते नाकारलं तर परत तोच बाक. वकीलबाई म्हणाल्या, करू या. करू या, पण आज नाही हो, आज माझ्यात तेवढी ताकद नाही.

पहिला शिधा आला त्या संध्याकाळी मी बोळात पाच ताटं मांडली. आईंनी दोन घास खाल्ले आणि ताट पोरांकडे सरकवलं. "माझं झालं गं. आता भूकच लागत नाही."

हे वाक्य मी स्वतः वर्षभर पोरांना ऐकवत आले होते.

"आई," मी म्हटलं, "कोर्टात खरं बोललात ना? मग घरात खोटं बोलू नका." आणि माझ्या ताटातला अर्धा भात त्यांना वाढला. त्यांनी नको म्हटलं नाही. खाली मान घालून, पोरांकडे तोंड करून, त्या सगळा भात जेवल्या.