परचुऱ्यांच्या गाडीचं रक्त

दसऱ्याच्या दिवशी आमच्या कोथरूडच्या सोसायटीत पार्किंगमध्ये रक्त सांडलं, आणि साडेदहा वाजेपर्यंत निम्म्या सोसायटीने त्यात रुमाल बुडवून घेतले.

मी विहारातून परतलो तेव्हा 'येथे घोळका करू नये' या पाटीखाली चाळीस माणसांचा घोळका उभा होता. मधोमध परचुऱ्यांची गाडी. शहाऐंशी सालची, विलायती, गडद हिरवी. बॉनेटवर झेंडूचा हार, काचेवर कुंकवाचं स्वस्तिक, चाकाखाली चिरडलेलं लिंबू. आणि पुढच्या डाव्या चाकाच्या मागे, फरशीवर, लाल थेंब.

"गेलेल्या श्यामसुंदरराव परचुऱ्यांचं रक्त आहे ते," पहिल्या मजल्यावरच्या गोदाबाई मला म्हणाल्या. बँकेतून निवृत्त झालेल्या बाई. आयुष्यभर लोकांच्या सह्या पडताळून पाहिलेल्या. "लिंबू चिरडायला त्यांच्या आमोदने गाडी सुरू केली, स्टिअरिंग वळवलं, तर गाडी कण्हली. माझ्या कानांनी ऐकलं. मग हे सुरू झालं."

"वास घेऊन पाहिलात?"

"सोनवणे, तुमच्यात घेत असतील. आमच्यात असल्या गोष्टींचा वास घेत नाहीत."

तीस वर्षं एकाच जिन्यात राहूनही 'तुमच्यात' आणि 'आमच्यात' यांचा हिशोब पुण्यात कधी चुकत नाही. मी वाकलो, बोट लावलं, चोळलं, नाकाशी नेलं. एकतीस वर्षं आयटीआयमध्ये मी मोटार मेकॅनिकचा वर्ग शिकवला आहे. तेवढ्यावरून कळलं.

"हे पॉवर स्टिअरिंगचं तेल आहे," मी म्हणालो. "पुढची चाकं वळवणारा दांडा आणि तो ज्या नळीत सरकतो ती नळी, या सगळ्याला रॅक म्हणतात. तो गळतोय."

"तेल लाल असतं होय?"

"असतं. गळती चटकन ओळखता यावी म्हणून मुद्दाम रंगवतात. रंगवणाऱ्यांना आपली सोसायटी ठाऊक नव्हती."

कोणी हसलं नाही. गोदाबाईंनी ते तेल गुडघ्याला लावलं आणि संध्याकाळपर्यंत त्यांना फरकही पडला. तेल चोळल्यावर गुडघ्याला बरं वाटतं, हा चमत्कार त्यांना सत्तराव्या वर्षी सापडला.

गोष्ट एवढ्यावर थांबली असती तर मी हसून सोडून दिली असती. पण त्या गाडीत एक माणूस गेला होता. गेल्या वर्षी, दिवाळीच्या तोंडावर, श्यामसुंदररावांच्या छातीत दुखायला लागलं. मुलगा आमोद ऑफिसात. सून कादंबरीने त्यांना याच गाडीत घातलं, कारण हिच्या किल्ल्या दाराशीच टांगलेल्या असत. कर्वे रस्त्यावर खोदकाम, गाड्यांची रांग. सासऱ्यांनी शेजारच्या सीटवरच प्राण सोडला. पुढची बारा मिनिटं ती त्यांच्याशी बोलत गाडी चालवत राहिली, हे तिने मला एकदाच सांगितलं.

तेव्हापासून आनंदीबाई, म्हणजे तिच्या सासूबाई, रोज जेवताना एक वाक्य म्हणत: "नदीकाठच्या रस्त्याने न्यायला हवं होतं." वर्षभर, दोन्ही वेळा. गाडीवर आच्छादन घातलं गेलं आणि तिला हात लावायचा नाही असं ठरलं. ते थेट दसऱ्यापर्यंत.

आता गाडीनेच साक्ष दिली होती. चौथ्या दिवशी बिबवेवाडीहून दिगंबरबापू आले.

बापूंच्या कार्डावर 'वाहनदोष, वास्तुदोष, अडकलेले आत्मे' असं छापलेलं होतं. पूर्वी त्यांचं गॅरेज होतं हे मात्र छापलेलं नव्हतं. त्यांनी गाडीभोवती तीन फेऱ्या मारल्या, बॉनेटला कान लावला आणि डोळे मिटून म्हणाले, "साहेब आत आहेत. त्यांना सांगायचंय, पण तोंड नाही. ज्या हातांनी त्यांना मारलं, ते हात स्टिअरिंगला लागले की रक्त वाहील. कोजागरीला सकाळी सगळ्यांनी बसायचं. आणि हे हात वर्षश्राद्धाच्या आत घरातून गेले पाहिजेत. नाहीतर साहेब दुसरा माणूस नेतील."

दुसरा माणूस म्हणजे आमोद, हे बापूंना सांगावं लागलं नाही. आनंदीबाईंना एकच मुलगा.

मी आमोदला जिन्यात गाठलं. "अरे, तू काहीतरी बोल."

"सर, आईची मनःस्थिती बघताय ना तुम्ही? एकदाचं होऊन जाऊ दे. तिला क्लोजर मिळेल."

"आणि कादंबरीला?"

"ती समजूतदार आहे," तो म्हणाला आणि दोन-दोन पायऱ्या चढत वर गेला.

कोजागरीला सकाळी नऊ वाजता पार्किंगमध्ये खुर्च्या मांडल्या होत्या. समितीने पाटीवर कागद चिकटवला होता: 'धार्मिक कारणास्तव आज घोळका चालेल.' जिन्याच्या तळाशी कादंबरीची बॅग उभी होती. निकाल लागायच्या आधीच आनंदीबाईंनी ती भरून खाली आणून ठेवली होती.

बापूंनी गाडीखाली पांढरी चादर अंथरली. पहिल्यांदा आनंदीबाई बसल्या. "डोळे मिटा, साहेबांना आठवा आणि स्टिअरिंग डावीकडे शेवटपर्यंत न्या." त्यांनी दोन्ही हातांनी जोर लावला. स्टिअरिंग हललं नाही. चादर पांढरीच राहिली.

"पाहा," बापू गहिवरले. "साहेब बाईंना कष्ट देत नाहीत. माउलीचे हात निर्मळ आहेत."

मग आमोद. त्याने दात-ओठ खात ते अर्धं वळवलं. चादर पांढरी. "मुलावर थोडी नाराजी आहे, पण माफ केलंय," बापूंनी अनुवाद केला.

मग कादंबरी. ती शांतपणे येऊन बसली. बापू खिडकीतून वाकले. "आता साहेबांना बोलतं करायचंय. त्यांना जागवलं पाहिजे." असं म्हणून त्यांनी किल्ली फिरवली आणि इंजिन सुरू केलं. चाळीस माणसांसमोर, उजेडात, उघडपणे. कादंबरीने स्टिअरिंग वळवलं, ते लोण्यासारखं वळलं.

"शेवटपर्यंत! धरून ठेव!"

थेंब पडायला लागले. एक, तीन, मग धारच. चादर लाल झाली. आनंदीबाई किंचाळल्या नाहीत. त्या नुसत्या म्हणाल्या, "मला माहीतच होतं." ते वाक्य ऐकून माझं डोकं फिरलं. मागून कोणी तरी म्हणालं, "शिकलेली पोर, पण बघा." कादंबरी स्टिअरिंग धरून बसली होती. तिचा चेहरा मी पाहिला. तिलाही ते खरं वाटलं होतं. वर्षभर दोन्ही वेळा ऐकलेलं वाक्य माणसाच्या आत असंच बसतं.

मी पुढे झालो. "बापू, आता तुम्ही बसा."

"आम्ही संन्यासी. वाहनाला स्पर्श करत नाही."

"मग बाहेर ती पांढरी गाडी कोणाची? बिबवेवाडीहून उडत आलात?"

काही जण हसले. बापूंचा आवाज चढला. "नास्तिकाच्या तोंडी लागू नका! यांच्यात श्राद्ध मानत नाहीत."

"नाही मानत. पण इंजिन मानतो. वहिनी," मी आनंदीबाईंकडे वळलो, "तुम्ही बसा. पुन्हा. या खेपेला इंजिन सुरूच राहू दे."

मी कादंबरीला उतरवलं, माझ्या घरातलं स्टीलचं ताट आणून गाडीखाली सरकवलं. बापू म्हणाले, दुसऱ्यांदा बसणं शास्त्रात नाही. पण आनंदीबाईंना स्वतःच्या निर्मळपणाची खात्री होती. त्या ताठ मानेने बसल्या आणि त्यांनी स्टिअरिंग वळवलं. मघाशी न हललेलं स्टिअरिंग या वेळी एका हाताने फिरलं.

ताटात टप्प असा आवाज झाला. मग पुन्हा. मग सलग.

त्या खाली वाकून बघायच्या आधीच मी ताट ओढून त्यांच्या मांडीजवळ धरलं. हे करायला नको होतं. नवरा गेलेल्या बाईला मी सर्वांदेखत खुनी ठरवत होतो, ती जसं सुनेला ठरवत होती तसंच. पण त्या दिवशी मला दया आली नाही, आणि आली नाही हे मी लपवणार नाही.

"वहिनी, श्यामसुंदररावांना तुम्ही मारलंत का?"

त्यांचे हात स्टिअरिंगवरून गळून पडले. त्या नाही म्हणाल्या, इतक्या हळू की फक्त मला ऐकू आलं.

"नाही मारलंत. हिनेही नाही. ऐका सगळे. इंजिन चालू असलं की पंप तेलाला दाब देतो, म्हणून स्टिअरिंग हलकं होतं. स्टिअरिंग टोकाला नेऊन धरलं की दाब सर्वांत जास्त. रॅकच्या टोकाला रबराचं सील असतं, तेल अडवणारं. ते फाटलेलं असलं की तेल बाहेर येतं. इंजिन बंद, तर दाब नाही, गळती नाही आणि स्टिअरिंगही दगडासारखं जड. बापूंनी दोघांना बंद गाडीत बसवलं आणि हिला चालू गाडीत. एवढंच केलं. तुम्ही सगळे बघत होतात."

"आणि ते कण्हणं?" गोदाबाईंनी विचारलं.

"तेल कमी झालं की पंप ओरडतो. आज ओरडला का?"

नव्हता ओरडला. आणि तेव्हा, बोलता बोलता, मलाच अडखळायला झालं. दसऱ्याला तेल कमी होतं म्हणून कण्हलेला पंप आज गप्प कसा? मी बॉनेट उघडलं. तेलाची डबी काठोकाठ भरलेली होती.

"बापू, हे तुम्ही भरलंत?"

"मी बॉनेट उघडलंच नाही," बापू म्हणाले. त्या सकाळी त्यांनी बोललेलं तेवढंच खरं होतं.

आमोद जमिनीकडे बघत होता. मी त्याला विचारलं नाही. कादंबरीने विचारलं.

"आमोद, तू भरलंस?"

"दसऱ्याला तो आवाज ऐकून आई रडली होती," तो म्हणाला. "म्हणून शनिवारी टॉप-अप केलं. दुसरं काही मनात नव्हतं."

"म्हणजे तुला माहीत होतं. हे तेल आहे."

"मी मेकॅनिकल इंजिनिअर आहे, कादंबरी."

"कधीपासून?"

"दसऱ्यापासून," तो म्हणाला. "पण आईला त्या क्षणी सांगणं... मला वाटलं, तू चार दिवस माहेरी जाशील, सगळं शांत होईल, मग सांगू."

कादंबरी जिन्यापाशी गेली आणि तिने बॅग उचलली. आनंदीबाई गाडीतून उतरून तिच्यामागे गेल्या. "अगं, आता कशाला? वर चल. झालं गेलं."

"आई, बॅग तुम्हीच भरलीत," ती म्हणाली. "काही राहिलं असेल तर कुरिअर करा."

ती फाटकातून बाहेर पडून रिक्षात बसली. या गडबडीत बापूंची पांढरी गाडी कधी गेली हे कोणाला कळलं नाही. चादर मात्र राहिली. गोदाबाईंनी ती धुवायला टाकली.

पंधरा दिवसांनी मी आमोदच्या विनंतीवरून रॅक उतरवला. त्याला वाटत होतं, नवीन सील बसवून भागेल. मी त्याला दांडा दाखवला. वर्षभर आच्छादनाखाली गाडी न हलवता ठेवलेली. रबर वाळून तडकलेलं, ओल शिरून दांड्यावर गंजाचे खड्डे पडलेले.

"यावर नवं सील घातलंस तर गंज ते आठवड्यात कापेल. आता अख्खा रॅक बदलावा लागेल. महिन्यातून एकदा गाडी काढून चालवली असतीत, तर काही झालं नसतं."

"आईला हात लावलेला चालत नव्हता," तो म्हणाला.

रॅक बदलला, गाडी आता थेंबभरही गळत नाही. कादंबरी परत आलेली नाही. आनंदीबाई जेवताना काही म्हणत नाहीत, असं आमोद सांगतो.

तर वाचकहो, माझं म्हणणं साधं आहे. पुढच्या वेळी कुठे काही लाल गळताना दिसलं तर हात जोडण्याआधी बोट लावा, वास घ्या, ते कधी गळतं आणि कधी थांबतं हे पाहा. एकाला बसवून गळलं, तर दुसऱ्यालाही अगदी तसंच बसवून बघा. त्याला डिग्री लागत नाही. आणि ज्याच्याकडे डिग्री आहे, ज्याला खरं काय ते पहिल्या दिवशीच कळलेलं आहे, त्याने पहिल्या दिवशीच बोलावं. बापूला आम्ही एका ताटात उघडं पाडलं. गप्प बसलेल्या शहाण्याला उघडं पाडेपर्यंत घरातलं माणूस गेलेलं असतं.