दोन एक्के

मेथीच्या जुड्या बांधायला बसवलेली सून पत्ते खेळते आहे, हे रुख्माबाईने ऐतवारी भरदुपारी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं आणि तिच्या हातातला ताकाचा गिलास कलंडला. चौदा वर्षांपूर्वी घरात आलेली गोपिका. मान वर करून बोलत नाही म्हणून सिंदीच्या बाजारातल्या बाया रुख्माबाईचा हेवा करायच्या, ती गोपिका. मोबाईल मांडीवर, आणि मोबाईलमध्ये इस्पिकचा गुलाम!

"हे काय होय वो?"

गोपिका दचकली, पण मोबाईल लपवला नाही. "पोकर होय, आत्याबाई."

"जुवा? माह्या घरात?"

"पैसा नाई लागत याले. फुकटची स्पर्धा हाय. सकाळी चार हजार लोक होते, आता एकेचाळीस उरलो."

"मंग? आरती ओवाळू का तुही?"

"चाळीस जणाइले गोव्याचं तिकीट भेटते. तिथं मोठी स्पर्धा हाय. जाणं-येणं, राहणं सगळं त्याइच्याकडून. पहिल्याले जे, तेच चाळिसाव्याले."

म्हणजे आणखी एकच माणूस बाहेर पडायचा राहिला होता. रुख्माबाई शाळेत दुसरीपर्यंतच गेलेली, पण एवढं समजायला तिला मास्तर लागत नव्हता. समजेना ते एवढंच, की नागपूरच्या पलीकडे पाऊल न टाकलेल्या या बाईच्या डोक्यात गोवा शिरलं कुठून.

"किशोरले माईत हाय?"

"भेटलं का सांगणार होती."

"आन् मले?"

"तुमाले विचारणार होती."

उत्तरात कुठे बोट ठेवायला जागा नव्हती, म्हणून ते जास्तच झोंबलं. रुख्माबाई तोंड उघडणार, तेवढ्यात कुंपणापलीकडून शेजारचा तानबा ओरडला, "वहिनी, म्हशी शिरल्या तुमच्या वाडीत! मेथी गेली पाहा!"

मुलगा किशोर टमाटे घेऊन हिंगणघाटला गेलेला. रुख्माबाईचा गुडघा सुजून लोटीएवढा झालेला. आणि वाडी नाल्यापलीकडे, तिथे मोबाईलला टावर नाही. गोपिका उठली, बसली, पुन्हा उठली. मग तिने मोबाईल सासूच्या हातात ठेवला.

"आत्याबाई, माह्यी पाळी आली का हे दोन बटनं पेटते. लाल म्हणजे पत्ते टाकून देणं. हिरवं म्हणजे होतं नव्हतं सगळं लावणं. तुमी लालच दाबजा. दर वेळी लाल."

"आन् पत्ते चांगले आले त?"

"तरी लाल. माह्याजवळ चिपा, म्हणजे खेळातले खोटे पैसे, थोड्याच उरल्या, पण दोघांजवळ माह्यापेक्षाई कमी हायेत. खेळा का नका खेळू, दर फेरीले थोड्या कटतेच. आपण गप राह्यलो का पहिले ते दोघं संपते. आता कोणाले मारा लागत नाई, आत्याबाई. आपण मरू नाई, एवढंच."

"असाच पाटावर ठेवून जाय ना मंग."

"तीनदा बटन नाई दाबलं का माणूस झोपला समजून काढून टाकते." एवढं बोलून गोपिका काठी घेऊन पळाली.

रुख्माबाई मोबाईल दोन्ही हातांत धरून बसली, जसा काही तो सांडणार होता. पहिल्या डावात तिर्री आणि नव्वी आली. लाल. दुसऱ्यात राणी आणि सत्ती. लाल दाबताना बोट जड झालं. सून सांगते आणि आपण दाबतो, हे काय दिवस आले! पोळ्याला तिचा नवरा नत्थूजी तीन पत्ती खेळायला बसायचे तेव्हा ती त्यांच्या खांद्यावरून पत्ते पाहायची. एकदा त्यांनी घाबरून राजांची जोडी टाकली, तर तिने त्यांना मरेपर्यंत त्यावरून बोलून घेतलं होतं. भेकड माणूस म्हणायची, तोंडावर.

तिसऱ्या डावात इस्पिकचा एक्का आला, आणि त्याच्या शेजारी बदामचा.

रुख्माबाईने मोबाईल डोळ्यांजवळ नेला. समोरच्या कोणीतरी आधीच आपलं सगळं लावून ठेवलं होतं. बटनं पेटली. भोवती वेळेची रेघ सरकू लागली. गोपिकाला काय माहीत असे पत्ते येतील म्हणून? लेकराची जात! असे पत्ते टाकणाऱ्याला या घरात काय म्हणतात, ते रुख्माबाईला पक्कं ठाऊक होतं.

तिने हिरवं दाबलं.

समोरच्याचे पत्ते उलटले: दोन सत्त्या. रुख्माबाई हसली. मग मधे सगळ्यांचे म्हणून पाच पत्ते एकेक करून पडले. चार कोरडे गेले. पाचवा पत्ता सत्ती निघाला, आणि तीन सत्त्यांपुढे दोन एक्के हरले.

तिला वाटलं, चूक झाली असेल यंत्राची. तिने हिरवं पुन्हा दाबून पाहिलं. बटनच नव्हतं. गोपिकाच्या नावाची जागा रिकामी झाली होती, आणि उरलेले लोक एकमेकांना फटाक्यांची चित्रं पाठवत होते.

गोपिका गुडघ्यापर्यंत चिखलात माखून आली. "हाकलल्या. एकच वाफा खाल्ला. किती उरले, आत्याबाई?"

"चाळीस."

गोपिकाच्या हातातली काठी गळाली. चिखलाचे दोन्ही हात तिने तोंडावर धरले, आणि चौदा वर्षांत या घराने न ऐकलेला आवाज तिच्या गळ्यातून निघाला. ती हसत होती. "चाळीस! भेटलं! आत्याबाई, भेटलं ना!"

"तू नाई त्याच्यात," रुख्माबाई म्हणाली.

हसू एकदम नाही गेलं. चेहऱ्यावर तसंच राहिलं, नुसतं.

"दोन एक्के आलते वो!" रुख्माबाईचा आवाज आपोआप चढला. "दोन! मेल्याले सत्ती लागली, त्याले म्या काय करू? एक्के कोणी टाकते काय? तू तरी टाकले असते काय?"

"हो."

"काय हो?"

"टाकले असते."

रागाने नाही, रडून नाही. मेथीची जुडी केवढ्याची ते सांगावं, तसं सांगितलं. रुख्माबाईला एकेक आठवत गेलं. अंगणवाडीच्या नोकरीचा कागद आला होता तेव्हा 'वाडी कोण पाहीन?' असं ती म्हणाली होती, आणि गोपिकाने कागद घडी करून फळीवर ठेवला होता. तिच्या माहेरच्या पाटल्या नणदेला, शालूला, दिल्या तेव्हाही गोपिका गप्पच होती. हिच्याकडे बोलायला काही नाहीच, अशी रुख्माबाईची खात्री होती. बाजारात मोठ्या तोंडाने सांगायची ती, 'आमची गोपिका म्हणजे गाय.'

"माह्यासमोर असे किती एक्के टाकले वो तुनं?"

"मोजले नाई." गोपिकाने चिखलाचा हात पदराला पुसला आणि पुढे केला. "मोबाईल द्या."

या वेळी 'आत्याबाई' म्हणाली नाही. रुख्माबाईने दिला.