त्या दिवशी कोयता का उचलला

“बंद करा गं तो टीव्ही!” मी ओरडले. पण रिमोट कमलबाईच्या मांडीखाली होता आणि कमलबाई तोंडाला पदर लावून रडत होती.

टीव्हीत आमची नीलम रडत होती. आमची म्हणजे दिनकरराव गुरुजींची. वालूरला आमच्याच वस्तीत, विहाराच्या मागच्या घरात वाढलेली पोर. आता मोठ्या मालिकेची हिरॉइन. मालिकेत ती अशी सोशिक सून, की सासूनं ताटातली भाकर ओढली तरी म्हणते, घ्या आई, तुम्ही जेवा. आमच्या वस्तीतल्या सगळ्या बायका रोज माझ्या घरी येऊन तिला बघत, कारण मोठा टीव्ही माझ्याकडे. पण त्या दिवशी मालिका नव्हती, कसला तरी बक्षिसाचा सोहळा होता. झगमगीत कोटातल्या माणसानं विचारलं, नीलमजी, इथवर यायला खूप सोसलं असेल ना? नीलमनं मान खाली घातली आणि सांगायला लागली. आई-वडील ऊसतोडीला जायचे. फडातच धाकटा भाऊ तापानं गेला, तीन वर्षांचा होता. बांधाला पुरला. आणि आईनं पोटासाठी त्याच दिवशी पुन्हा कोयता उचलला.

टीव्हीतले सगळे लोक उभे राहिले. टाळ्याच टाळ्या.

“पण गं माय, हिचा भाऊ तर पुण्याला इंजिनेर हाय की,” कमलबाई नाक पुसत म्हणाली. “अन् गुरुजी कवा गेले उसाला? त्यायला ऊस सोलून खायलाबी जमत न्हाई.”

मग तिला उमगलं. सगळ्यांनाच उमगलं. माना कोपऱ्याकडे वळल्या.

कोपऱ्यात माझी सून दैवशाला शाळेच्या खिचडीचे तांदूळ निवडत बसली होती. तिनं सूप खाली ठेवलं. एक दाणा सांडू दिला नाही. उठली आणि बाहेर गेली.

ते लेकरू तिचं होतं. माझा नातू, धम्मानंद.

पंधराएक वर्षं झाली त्याला. तेव्हा माझा पंडित आणि दैवशाला उसाला जायचे. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, असा हिशेब असतो तिथे. माझी नात पिंकी शाळा सोडून त्यांच्याबरोबर, आणि धम्माचं अंगावरचं सुटलेलं नाही म्हणून तोही. जाताना बैलगाडीत चौघं बसली, येताना तिघं उतरली. मी त्याच दिवशी दोन्ही कोयते लोहाराला देऊन टाकले आणि सांगितलं, माझ्या घरातून आता कुणी फडात जाणार नाही. पंडित मानवतला कापसाच्या जिनिंगमध्ये लागला, दैवशाला शाळेत खिचडी शिजवायला लागली. गावची लेकरं तिच्या हातचं खाऊन मोठी झाली. पण धम्माचं नाव तिनं कधी तोंडातून काढलं नाही. माझ्या जिभेला सगळी वस्ती भिते, तरी तिथे माझीही जीभ वळली नाही.

पिंकीनं मात्र एकदा सांगितलं होतं. परभणीला हॉस्टेलवर होत्या तेव्हा, गच्चीवर कपडे वाळत घालता घालता, नीलमला. जिवाभावाची मैत्रीण म्हणून.

दुसऱ्या दिवसापासून हापशावर सुरू झालं. “दैवशाला, खरंच त्याच दिवशी उचलला गं कोयता?” “लय घट्ट काळीज बाई तुझं. मला तर महिनाभर उठवलं नसतं.” विचारणाऱ्यांत वाईट कुणी नव्हतं. बायकांना दुसऱ्याच्या जखमेची खपली दिसली की नख शिवशिवतं, एवढंच. दैवशाला घागर अर्धीच भरून परत येई. खिचडीत मीठ दोनदा पडायला लागलं. एक दिवस ती पंडितला म्हणाली, “मला पूर्णेला भावाकडं नेऊन सोडा. तिथं मला कोन वळखत न्हाई.”

माझा पंडित बायकोपुढे बोलत नाही आणि आईपुढे श्वास घेत नाही. तो माझ्याकडे बघायला लागला.

“किती दिवसांसाठी?” मी विचारलं.

“कायमचंच, आत्याबाई.”

तिच्या दोन लुगड्यांचं गाठोडं खरंच बांधलेलं होतं. मी घरात पुष्कळ आवाज केला, भांडी आपटली, तिच्या माहेरचा उद्धार केला. काही उपयोग झाला नाही. तिनं एवढंच कबूल केलं, की शाळेत नीलमचा सत्कार आहे, त्या दिवसाचा शिरा करायचा शब्द दिलाय, तो करून जाईन.

सत्काराच्या आधी सरपंच महारुद्र घरी आला. चहा पिईपर्यंत इकडचं तिकडचं बोलला. मग म्हणाला, “आजी, झालं ते झालं. पोरीमुळं वालूरचं नाव आख्ख्या महाराष्ट्रात गाजायलंय. त्या दिवशी जरा जिभेला लगाम ठेवा.”

“माझ्या जिभेला लगाम घालायची हौस माझ्या मालकाला होती,” मी म्हणाले. “ती घेऊनच मेले ते. तू चहा पी.”

पण हे काम माझं नाही हेही मला कळत होतं. म्हातारी बोलली तर म्हातारीच्या तोंडाला काय, म्हणून लोक उडवून लावतात. मैत्रिणीनं बोललेलं उडवता येत नाही. मी पिंकीला फोन लावला. ती मानवतला दवाखान्यात नर्स आहे. म्हटलं, “ये. अन् राजेश्रीला संगं आण. तिचा आवाज मोठा हाय.” राजेश्री म्हणजे हॉस्टेलमधली तिसरी. एसटीत कंडक्टर आहे, भरलेल्या गाडीत मागच्या बाकापर्यंत ऐकू जाईल असं बोलते.

सत्काराच्या दिवशी शाळेत मांडव, कर्णे, हार, सगळा थाट. दैवशाला मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये शिऱ्याचं पातेलं ढवळत होती. मी बाजूला पोत्यावर बसले होते. पिंकी आणि राजेश्री दाराशी उभ्या. नीलमची पांढरी गाडी आली आणि ती मांडवाकडे न जाता आधी शेडकडेच पळत आली. डोळ्यांवर काळा चष्मा, मागे पोरांचं शेपूट.

“पिंके! राजे! अगं, किती दिवसांनी!” तिनं हात पसरले.

पिंकी हलली नाही. राजेश्रीनं पोरांना बाहेर हाकललं आणि पत्र्याचं दार ओढून घेतलं.

“चष्मा काढ,” ती म्हणाली. “इथं ऊन न्हाई.”

नीलमनं चष्मा काढला. तिनं दैवशालाकडे पाहिलं आणि लगेच दुसरीकडे. म्हणजे तिला माहीत होतं.

“पिंकी, मी फोन करणारच होते. ते त्या दिवशी…”

“माझा भाऊ तू का घेतलास?” पिंकीनं विचारलं. आवाज अगदी बारीक. “तुला भाऊ हाय ना? मग माझा कशाला?”

“अगं, कुणाचं नाव घेतलं का मी? चांगल्यासाठीच सांगितलं. ऊसतोडीच्या बायांचं दुःख लोकांपर्यंत गेलं. किती लोक रडले माहितीय?”

“लोक रडले. माझी आई न्हाई रडली. तिनं गाठोडं बांधलंय. गाव सोडायलीय ती.”

नीलमचा चेहरा उतरला. हे तिला ठाऊक नव्हतं. पण पोर हट्टी, लहानपणापासूनची. “तुम्हाला तिथलं कळत नाही,” ती म्हणाली. “माझ्या आधी चौघी बोलल्या. एकीचा बाप दारूडा, एक फुटपाथवर झोपलेली. मग माझ्याकडे माईक आला. काय सोसलं सांगा. काय सांगू मी? मला काहीच सोसावं लागलं नव्हतं. रिकाम्या हातानं उभी राहिल्यासारखं वाटलं.”

“रिकाम्या हातानं उभी राहायचं मग!” राजेश्री कडाडली. “लाज वाटली व्हय सुखाची? तुझ्या बापानं थंडीत सायकलवर स्टँडला आणून सोडलं तुला, ते सांगायचं. आमच्या डब्यातली चटणी चोरायचीस, ते सांगायचं. अगं, दुसऱ्याच्या तिकिटावर चढलीस अन् वर खिडकीची जागा धरून बसलीस! हॉस्टेलातबी तेच करायचीस. बादली आमची, पहिली आंघोळ तुझी.”

“राजे, मी आता हे उघड बोलले ना, तर मालिका जाईल माझी. खोटारडी म्हणतील.”

“हायेसच की,” मी पोत्यावरून म्हणाले. “म्हणतील त्यात नवं काय?”

नीलम रडायला लागली. मी तिचं रडणं नीट बघितलं. टीव्हीत रडते तेव्हा तिचं नाक लाल होत नाही. इथे झालं होतं. शहरातली भाषाही गळून पडली. “आजी, मी काय करू सांगा ना. माझी लय चूक झाली.”

कुणी काही बोलायच्या आत दैवशालानं उलथनं पातेल्याच्या काठावर ठेवलं आणि गॅस बारीक केला.

“नीलम,” ती म्हणाली, “तू सांगितलंस, पोटासाठी उचलला म्हणून.”

“काकू, मला वाटलं…”

“पोटासाठी न्हाई उचलला. मुकादम म्हणला होता, बाई, चार दिस बस खोपीत, कुनी काई म्हननार न्हाई. बसले मी. बसले तर त्याची चड्डी दोरीवर वाळायलेली. ओलीच होती अजून. अन् हात गं… हात रिकामे झाले होते माझे. तीन वर्सं ह्या हातात काई ना काई होतं त्याचं. डोकं न्हाई तर पाय. ते हात मला मांडीवर ठेवून बसता येईनात. म्हनून उचलला. दिसंल तो ऊस तोडत गेले. अंधार पडला तरी थांबेना, तवा ह्यांनी कोयता काढून घेतला हातातून.”

शेडमध्ये शिऱ्याचे बुडबुडे फुटत होते. पिंकी आईकडे नव्या माणसाकडे बघावं तशी बघत होती. हे तिला माहीत नव्हतं. मला माहीत नव्हतं. पंधरा वर्षं एका चुलीवर जेवलो आम्ही.

“बायका इचारत्यात, काळीज घट्ट होतं का,” दैवशाला म्हणाली. “मला सांगता येत न्हाई. तू सगळ्यांपुढं अर्धंच सांगितलंस. आता ते अर्धं घेऊन मी कुटं कुटं फिरू?”

नीलम तिच्या पायाशी बसली. बाहेर कर्ण्यावर सरपंचाचा आवाज आला, आपल्या गावची लाडकी कन्या दोन मिनिटांत व्यासपीठावर येत आहे.

“काकू, मी सांगते सगळ्यांना. तुमचं नाव घेऊन सांगू?”

दैवशालानं उलथनं उचललं, तळाला लागू नये म्हणून एकदा फिरवलं. “माझं नको,” ती म्हणाली. “त्याचं घे.”

नीलम गेली. दाराची फट धरून आम्ही उभ्या राहिलो. हार झाले, शाल झाली. माईक हातात आला तशी तिनं तो दोन्ही हातांनी घट्ट धरला. लोकांना वाटलं, पोर भारावली. मग बोलली. एरवी पाठ केलेलं कसं धडाधड बोलते, इथे अडखळत होती.

“त्या सोहळ्यात मी जे सांगितलं, ते माझं नव्हतं,” ती म्हणाली. “मी खोटं बोलले. माझा भाऊ चांगला आहे, पुण्याला आहे. मला काही सोसावं लागलं नाही. माझ्या बाबांनी सोसू दिलं नाही.” पहिल्या रांगेत दिनकरराव गुरुजींनी चष्मा काढून मांडीवर ठेवला. “जो गेला त्याचं नाव धम्मानंद. धम्मानंद पंडित. ह्याच वस्तीतला. त्याच्या आईनं पोटासाठी कोयता उचलला हेही खोटं. रिकामे हात सहन झाले नाहीत म्हणून उचलला. सगळ्यांचे फोन चालू आहेत, मला दिसतंय. चालू राहू द्या.”

चारी कर्ण्यांतून ते नाव गेलं. शाळेवरून, विहारावरून, हापशावरून. एवढा मांडवभर माणूस, पण टाळी कुणी वाजवली नाही. कमलबाई बायकांच्या घोळक्यातून उठली आणि डोक्यावरचा पदर नीट केला, मयताला करतात तसा. मग एकेक बाई उठली. महारुद्र हातातला नारळ कुठे ठेवावा ते न कळून उभा होता.

मी भिंतीला टेकले. कितीतरी दिवसांनी पाठ सैल झाली. ह्या पोरीची मालिका राहील की जाईल, मला ठाऊक नाही. राहिली तर मी बघेन, गेली तरी तिला जेवायला बोलावीन. बोलणी खाऊन पचवणारं माणूस मला आवडतं, अशी माणसं फार कमी असतात.

पंडित शेडच्या दाराशी आला. चपला घालून, अंगात धुतलेला सदरा. बायकोकडे न बघता म्हणाला, “ती… पूर्णेची गाडी…”

“अन् उद्याचे तांदूळ कोन निवडंल?” दैवशालानं विचारलं. “तुमी?”

पंडितनं श्वास सोडला. माझ्यासमोर. बाहेर जाऊन मांडवाच्या खांबाशी उगाच उभा राहिला.

मग लेकरांची रांग लागली. राजेश्रीनं कंडक्टरच्या आवाजात ती सरळ केली, पिंकी ताटल्या पुसून देत होती आणि दैवशाला शिरा वाढत होती. एकेकाला एकेक पळी, वर दोन बेदाणे. पुढे दुसरीतली एक चिमुरडी आली, दोन वेण्या, दात पडलेला. ताटली पुढे करून म्हणाली, “मावशी, कर्ण्यात नाव आलं ते धम्मानंद कोन?”

पिंकीचा हात थांबला. मी तोंड उघडलं होतं, ते मिटलं.

“माझा लेक,” दैवशाला म्हणाली.

“कितवीला हाय?”

दैवशालानं पळी भरली. तिच्या ताटलीत काठोकाठ शिरा घातला, सांडलेला बोटानं आत लोटला.

“असता तर आता मिसरूड फुटली असती त्याला,” ती म्हणाली. “चल, पुढं सरक. मागं रांग हाय.”