व्हर्लिनदाजींच्या शर्टाचा तुकडा

आमच्या पेनसिल्व्हेनियाच्या डोंगरात, शिकारीच्या खोपटातली एक भिंत शर्टांच्या तुकड्यांनी भरली आहे. ज्याचा नेम चुकला, त्याच्या शर्टाचं मागचं टोक कापायचं आणि नाव लिहून भिंतीला ठोकायचं. माझे सात तुकडे आहेत. माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा, व्हर्लिनदाजी, त्यांचा एक्केचाळीस वर्षांत एकही नव्हता.

गेल्या वर्षी त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. "यंदा हरीण पडलं तर ठीक. नाहीतर बंदूक कायमची खाली ठेवतो," म्हणाले, आणि नवी दुर्बीण बसवायला रायफल माझ्याकडे दिली.

गावात हे काम मीच करतो आणि शहाणपणही मीच शिकवतो: दुर्बिणीखालच्या पट्टीचे स्क्रू स्पिरिटने पुसा, कोरडे करा, मगच आवळा. तेलकट स्क्रू घट्ट बसल्यासारखा वाटतो, पण हादऱ्याने सुटतो. त्या दिवशी मात्र पंधरा बंदुका रांगेत होत्या. लोखंड दिसलं की तेल लाव, ही वडिलांची सवय हातात मुरलेली. स्क्रूंवर तेलाचं बोट फिरवलं आणि तसेच आवळले. चाचणीच्या तिन्ही गोळ्या एका बशीत मावतील इतक्या जवळ बसल्या. मी निर्धास्त झालो.

रायफल खडबडीत रस्त्याने गाडीतून डोंगरावर गेली. हंगामाच्या पहिल्याच सकाळी, दीडशे पावलांवर कूस दाखवून उभ्या असलेल्या नर हरणावर दाजींचा नेम चुकला.

"दाजी, शर्ट काढा! एक्केचाळीस वर्षांची उधारी!" मंडळी खिदळली.

दाजींनी स्वतःच कात्री पुढे केली. "काप रे एल्डन. आणि बंदुकीला कुणी बोल लावायचा नाही. तिची दुर्बीण याने बसवलीय. माझाच डोळा गेला." मी कापलं. त्यांनी रायफल माझ्या हातात ठेवली. "तूच वापर आता."

घरी येऊन दुर्बीण हलवून पाहिली, तर डुगडुगली. स्क्रू नखाने फिरत होते. मला स्वतःचीच किळस आली. ते पुसले, कोरडे केले, नीट आवळले. उद्या सांगू, उद्या सांगू करता करता नाताळ आला.

ॲपल पाय घेऊन बहिणीकडे गेलो. दाजी खिडकीशी बसले होते. कुंपणापाशी तीन हरणं चरत होती.

"कशी मारते रे माझी बंदूक?"

सगळं ओठांपर्यंत आलं होतं. "सरळ मारते," मी म्हणालो.

"म्हणजे डोळाच," दाजी म्हणाले, आणि त्यांनी पडदा ओढून घेतला.