सांधेकाकांचा दिवा

पडद्यांच्या कापडावर वेलबुट्टी छापणाऱ्या त्या कंपनीत नवा माणूस आला, की पहिल्या आठवड्यात एक चूक हमखास करायचा. खिडकीजवळ बसणाऱ्या म्हाताऱ्याला सगळे ‘सांधेकाका’ म्हणतात हे ऐकून तो आपल्या आजीच्या गुडघ्यांना कुठलं तेल चांगलं, ते विचारायला जायचा. काका गोरेमोरे होऊन सांगायचे, की गुडघ्यांतलं मला काही कळत नाही, मी चित्रांचे सांधे जुळवतो.

काम कुणाच्या डोळ्यांत भरावं असं नव्हतं. चित्रकार हातभर कागदावर चित्र काढणार. छापताना तेच चित्र रुळावरून पुन्हा पुन्हा फिरून शेकडो मीटर कापडावर उमटणार. तेव्हा चित्राचा खालचा काठ वरच्या काठाला असा भिडायला हवा, की ते कुठे संपलं आणि कुठे सुरू झालं हे कुणाला सांगता येऊ नये. वेलीचा देठ मध्येच तुटायला नको की रिकाम्या जागेचा पट्टा दिसायला नको. काकांचं काम चांगलं झालं तर दिसत नसे. बिघडलं तरच दिसे. एकतीस वर्षं ते हे न दिसणारं काम करत आले होते, आणि खरं सांगायचं तर त्यांच्या स्वभावाला ते मानवलंही होतं.

टेबलाशी वर्दळ मात्र असायची. चित्र अर्ध्यावर आलं की काढणाऱ्याच्या मनात धाकधूक सुरू होई. मग ‘काका, हे जुळेल का हो?’ म्हणत तो कागद घेऊन येई आणि शेजारच्या स्टुलावर टेके. कागदाचं दोन वाक्यांत उरके. मग सासूचं, घरमालकाचं, मुलाच्या गणिताचं पाऊण तास चाले. काका ‘हं’, ‘असं का’, ‘मग?’ एवढ्यावर भागवत. सगळ्यांत जास्त येई ती रंगवाली. चाळिशीची बाई, पण शाळेतल्या पोरीसारखी कोपरापर्यंत रंगांत माखलेली. तिच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला की घड्याळसुद्धा थांबून ऐकतं, असं लोक म्हणत.

एकदा काका एका नेच्याच्या चित्राशी सकाळपासून झुंजत होते. सतरा पानं, प्रत्येकाचा कल वेगळा. दोन तासांनी कुठे वाट दिसायला लागली, आणि नेमकी त्याच क्षणी रंगवाली स्टुलावर येऊन बसली. शेजाऱ्यांच्या मांजराने तिच्या कपाटात पिल्लं घातली होती. ती पिल्लं संपेपर्यंत काकांची वाट पार पुसून गेली. त्यांनी तोंडातून ब्र काढला नाही, पण घरी जाईपर्यंत ते धुमसत होते.

त्याच आठवड्यात मोठ्या बाईंनी सगळ्यांना एकेक कोरा कागद वाटला. मोठ्या बाई म्हणजे विभागाच्या प्रमुख; वयाने काकांपेक्षा पंधरा वर्षांनी लहान. माणसं दिवसभर खुर्चीत असतात पण मन जागेवर नसतं, वर्षभरात एक नवं म्हणावं असं चित्र झालेलं नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. तुमचं चित्त कशाने उडतं ते लिहा, म्हणाल्या, नाव घालू नका. काकांना चारचौघांत धड वाक्य बोलता येत नसे. हातात पेन आलं की मात्र त्यांना कंठ फुटे. त्यांनी दीड पान लिहिलं. मन कामात बुडायला दोन तास लागतात आणि वर यायला एक हाक पुरते, असं लिहिलं. प्रत्येकाच्या टेबलावर एक लहान दिवा असावा. तो पेटलेला असेल तेव्हा त्या माणसाशी कुणी बोलू नये, असंही सुचवलं. नाव घातलं नाही, पण इतकं वळणदार अक्षर त्या इमारतीत दुसऱ्या कुणाचं नव्हतं.

पंधरा दिवसांत दिवे आले.

आणि उपाय लागू पडला, यात शंका नाही. पहिले दोन-चार दिवस लोकांनी दिव्यांची थट्टा केली. मग एकेक जण खरोखरच बुडायला लागला. दोन महिन्यांत इतकी नवी चित्रं झाली, की मोठ्या बाईंनी ती टांगायला भिंत रिकामी करून घेतली. सगळ्यांत जास्त चित्रं रंगवालीची होती. ती चार-चार तास मान वर करत नसे. जो तो जाता-येता काकांकडे बघून मान हलवी, म्हणजे आभार मानी, कारण बोलायची सोय नव्हती.

आता कागद हातात येत नसत. दाराशी एक ट्रे ठेवला होता. त्यात चित्र टाकायचं आणि वर चिठ्ठी. काका चित्र जुळवत आणि दुसऱ्या ट्रेमध्ये टाकत. स्टुलावर आधी काकांची पिशवी आली, मग छत्री, मग जुन्या नमुन्यांचा गठ्ठा. काकांनी आपला दिवा बंद ठेवून पाहिला. पण यायचं कुणी? ज्याने यायचं त्याचाही दिवा पेटलेला. शिवाय विझलेल्या दिव्यामागे वाट बघत बसलेला माणूस फार उघडा पडतो. मग काकाही सकाळी आल्या आल्या दिवा लावायला लागले.

आपल्याला शांतता आवडते, असा त्यांचा कायमचा समज होता. बायको असताना संध्याकाळी ते पुस्तक घेऊन बसत आणि ती स्वयंपाकघरातून बोलत राही. ती शांतता त्यांना आवडत होती. बायको जाऊन चार वर्षं झाली होती आणि पुस्तकं तेवढीच होती.

एका बुधवारी संध्याकाळी लेकीचा फोन आला. ती दुसऱ्या शहरात असते.

“बाबा, घसा बसलाय का तुमचा?”

काकांनी खाकरून पाहिलं. मग त्यांच्या लक्षात आलं, की फोनवर म्हटलेलं ‘हॅलो’ हाच सकाळपासूनचा त्यांचा पहिला शब्द. जिन्यात पहारेकऱ्याने हात वर केला होता, त्यांनीही केला होता. बस्स. जरा सर्दी झालीय, ते म्हणाले. तिने वाफ घ्यायला सांगितलं. फोन ठेवल्यावर त्यांनी पाणी उकळून खरोखरच वाफ घेतली, निदान लेकीला सांगितलेलं अगदीच खोटं ठरू नये म्हणून.

सांगणार तरी कुणाला आणि काय? दिवा आपणच लावायचा आणि अंधाराची तक्रारही आपणच करायची! शिवाय लोकांचं भलं झालेलं दिसत होतं. एका म्हाताऱ्याला करमत नाही म्हणून चालतं काम मोडा, असं म्हणायला तोंड हवं.

मग तो पक्षी आला. ट्रेमध्ये रंगवालीचं चित्र होतं. लांब वेल, फांदीफांदीवर पक्षी, सगळे उजवीकडे तोंड केलेले. अगदी काठाजवळ एकच पक्षी मान वळवून मागे बघत होता. चिठ्ठीवर लिहिलं होतं, ‘फक्त सांधा.’ एरवी काकांनी विचारलं असतं. त्यांनी मान वर करून तिच्या टेबलाकडे पाहिलं. दिवा पेटलेला. त्यांनी पेन्सिल उचलली, ठेवली, पुन्हा उचलली. एकतीस वर्षं डोळ्यांना एकच वळण लागलेलं, की जे नजरेला अडतं ते काढायचं. तो पक्षी तर दर हातभर कापडावर पुन्हा पुन्हा अडणार होता. घाईत पक्ष्याची आकृती उतरवायचा छापकागद उलटा ठेवला गेला असेल, असं त्यांनी स्वतःला पटवलं आणि त्याचं तोंड इतरांसारखं उजवीकडे करून टाकलं. सांधा असा बसला, की त्यांनाच कौतुक वाटलं.

चारशे मीटर छापून झालं. पहिला तागा वर आला तेव्हा रंगवाली त्यावरून बोट फिरवत काहीतरी शोधताना काकांना दिसली. मग तिने त्यांच्या टेबलाकडे पाहिलं. काकांचा दिवा पेटलेला होता. ती जागेवर जाऊन बसली. दुपारी ट्रेमध्ये चिठ्ठी आली.

‘काका, तो पक्षी मीच तसा ठेवला होता. असू दे.’

ती भांडली असती तर बरं झालं असतं. ‘काय हो काका, म्हातारचळ लागला का?’ असं ती सगळ्यांसमोर म्हणाली असती, तर काका चार दिवस त्यावर जगले असते. ‘असू दे’वर जगता येत नाही. रात्री पुस्तकाच्या प्रत्येक पानावर त्यांना तो पक्षी दिसला.

पुढच्या सोमवारी मोठ्या बाईंनी इतर शाखांच्या लोकांना दिव्यांची पद्धत दाखवायला बोलावलं आणि ज्यांना हे सुचलं त्यांनीच दोन शब्द बोलावेत, असा आग्रह धरला. काकांनी नाही म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं. मग वाटलं, ही एकच संधी आहे. रविवारी बसून त्यांनी सगळं लिहून काढलं. दिवे असू द्यावेत, पण दिवसातला तास-दीड तास ते सगळ्यांनी विझवावेत. स्टुलाचंही लिहिलं. पक्षी कसा वळवला गेला, आणि त्यात चूक कुणाची, तेही.

सोमवारी ते उभे राहिले तेव्हा कागदावरची आपलीच वळणदार अक्षरं त्यांना लागेनात. घसा बसलेला. समोर तीस अनोळखी चेहरे. त्यांनी कागद खाली ठेवला आणि त्यातलं जे आठवलं ते बोलून टाकलं.

“पूर्वी दिवसभर माझ्याकडे कुणी ना कुणी यायचं,” ते म्हणाले. “आता कुणी येत नाही.”

आणि खाली बसले.

मग मोठ्या बाईंनी टाळ्या वाजवल्या आणि सगळ्या खोलीने त्यांना साथ दिली. आपल्या पद्धतीला याहून चांगली पावती कोणती, असं बाई पाहुण्यांना सांगत होत्या. पुढच्या रांगेतल्या एका गृहस्थांनी काकांचं वाक्य जसंच्या तसं वहीत उतरवून घेतलं. काका कसनुसं हसले. टाळ्या थांबायची वाट बघताना त्यांची नजर मागच्या भिंतीकडे गेली. तिथे रंगवाली उभी होती. तिचे हिरवे हात खालीच होते, आणि ती त्यांच्याकडे बघत होती.

मंगळवारी सकाळी दिवे लागले. काकांनी आपला लावला नाही. मग त्यांनी स्टुलावरचा गठ्ठा उतरवला, छत्री उतरवली, पिशवी उतरवली. स्टूल उचललं, पण ते त्यांना वाटलं होतं त्याहून जड निघालं आणि त्याचा एक पाय फरशीवरून करकरत गेला. कुणी मान वर केली नाही. पेन्सिली मात्र थांबल्या.

रंगवालीचा दिवा पेटलेला होता. काका तिच्या टेबलाशी जाऊन उभे राहिले. आपला नियम मोडायला आपणच आलो आहोत, हे जाणवून त्यांचे कान तापले. परत फिरावं असंही वाटलं. ती ब्रश खाली ठेवत नव्हती.

“तो मागे कुणाकडे बघत होता?” शेवटी त्यांनी विचारलं.

तिने पान पुरं रंगवलं. मग ब्रश पाण्यात बुडवला आणि रंगाच्या बशा कोपराने सरकवून टेबलाचा कोपरा मोकळा केला.

“आधी बसा तर,” ती म्हणाली. “उभ्याउभ्या सांगण्यासारखं नाही ते.”

काका बसले. तिने दिवा विझवला नाही. तिच्या लक्षात राहिलं नसेल.

“त्याचं असं झालं, काका...”

“हं,” काका म्हणाले. आवाज अजून बसलेलाच होता. “मग?”