प्रिस्का आसनावर बसली

दोर मी स्वतः बांधला होता. जाड, लाल, आंधळ्यालाही दिसेल असा. त्यावर पाटीसुद्धा लावली होती, फ्रेंचमध्ये आणि आमच्या भाषेत, की हात लावू नये, बसू नये. आता ज्याला वाचायचंच नाही त्याच्यापुढे मी काय डोकं फोडून घेऊ? बरं, कुणी परकं असतं तर एक वेळ चाललं असतं. ही तर माझ्याच पोटची पोर.

बाफोलेंगच्या राजवाड्याला लागून जे संग्रहालय आहे, ते मी सांभाळते. एरवी वर्षभर तिथं चिटपाखरू फिरकत नाही. पण नाताळ तोंडावर आला की दुआला, याउंदे या मोठ्या शहरांतून गाड्या भरभरून माणसं गावी येतात, आणि मग चर्चचं गायन, ढोल, मुखवट्यांचे नाच आणि आमचं प्रदर्शन, सगळं एकाच अंगणात. यंदा मी घराण्यांची आसनं मांडायची ठरवली होती. मानकऱ्यांच्या घरोघरी जाऊन, हातापाया पडून कोरीव लाकडी आसनं आणली. मधोमध माझ्या बाबांचं, खाली कोळीकिड्यांची नक्षी, वर निळे-पांढरे मणी, आणि शेजारी ज्यातून ते ताडी पितात ते रेड्याचं शिंग.

उद्घाटन दुसऱ्या दिवशी, खुद्द राजाच्या, म्हणजे फोच्या हातून होणार होतं. अंगणात तालीम चालली होती आणि माईक नुसता कोकलत होता. मी त्याच्याशी झटत असताना आत्याचा फोन आला, दुआलाहून. पलीकडून नुसतं रडणं.

"ओडेत, कधी गेला गं माझा भाऊ? आणि मला हे फोटोवरून कळावं?"

"कोण गेला, आत्या?"

"लपवू नकोस. प्रिस्काला आसनावर बसवलंत ना? हातात शिंग देऊन? साक्षीदारांनी मुलीच्या मुलीचं नाव सांगितलं म्हणजे कमालच झाली. पण जाऊ दे, आता ते बोलायची वेळ नाही. मी बस धरते."

मी माईक तिथंच टाकला. धावत आत गेले. प्रिस्का चपला हातात घेऊन दोराच्या बाहेर उभी होती, मामेबहिणीबरोबर खिदळत.

"तू बसलीस?"

"आई, सकाळपासून तालमीत उभी होते गं. पाय मोडून आले. जरा टेकले."

"आणि शिंग?"

"फोटोला बरं दिसतं म्हणून."

"फोटो कुठं गेला?"

"घरच्या ग्रुपवर, तास होऊन गेला," मामेबहीण म्हणाली. तिचा चेहरा आता उतरत चालला होता.

आमच्याकडे हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. बापाच्या आसनावर दुसरं माणूस बसतं ते बाप गेल्यावरच. त्यानं जिवंतपणी ज्यांच्या कानात वारस सांगून ठेवलेला असतो ते साक्षीदार नाव सांगतात आणि ज्याचं नाव निघेल तो शिंग हातात घेऊन बसतो. तोच पुढचा धनी. प्रिस्का शाळेमुळे दुआलात वाढली म्हणून काय झालं, दरवर्षी नाताळला इथंच असते ना?

"पण आजोबा जिवंत आहेत हे सगळ्यांना माहीत आहे की," ती म्हणाली.

"होतं. आतापर्यंत होतं."

मी ग्रुपवर लिहिलं, 'बाबा ठणठणीत आहेत, काळजी करू नये.' आणि लिहिल्या लिहिल्या कळलं, आपण आगीत तेल ओतलंय. मानकरी गेला की राजवाड्यातून जाहीर होईपर्यंत घरची माणसं हेच सांगतात. ठणठणीत आहेत, जरा सर्दी झालीय, आराम करतायत. माझ्या त्या एका ओळीनं ज्यांना शंका होती त्यांचीही खात्री पटली. एकानं तर उत्तर दिलं, 'समजलो. धीर धर.'

लोकांचं काय, ते उद्या हसतील आणि विसरतील. मला भीती होती बाबांची. पावसाळ्यात त्यांच्या छातीचं दुखणं निघालं, इस्पितळात पडून होते, आणि घरी सोडताना डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, यांना धक्का बसता कामा नये, एवढं एक सांभाळा. आणि आता त्यांच्याच दारात त्यांच्याच नावानं टाहो फुटणार होता. बाबा फोन बाळगत नाहीत. धाकट्या आईचा, म्हणजे बाबांच्या धाकट्या बायकोचा, फोन नुसता वाजत होता. बाजाराचा दिवस, ती कसली उचलतेय.

"तू इथून हलायचं नाही," मी प्रिस्काला म्हणाले. "आणि कुठं टेकायचं नाही."

वेशीवरून भाड्याची मोटारसायकल केली. पोऱ्या ओळखीचा होता. "झेबाझे बाबांच्या, तुमच्या वडिलांच्या घरीच ना, मावशी? दुःखाच्या घरचं भाडं मी घेत नाही."

"कुणी सांगितलं तुला दुःख म्हणून?"

"सगळे म्हणतायत."

"तोंड बंद कर आणि गाडी हाण."

रस्त्यावर लाल धुळीचे लोट उठले होते, समोरचं काही दिसत नव्हतं. देवा, पोहोचेपर्यंत कुणी रडू नये, एवढंच मागत होते. चढावर बायकांचा घोळका दिसला, कमरेला फडकी बांधलेल्या, पुढे जुलियेनकाकू. अजून गळा काढला नव्हता, तो घराच्या वळणावर काढायचा असतो.

"काकू, परत फिरा. बाबा जिवंत आहेत."

"हो गं बाई, हो." तिनं माझ्या गालावरची धूळ पुसली. "तू असंच म्हणायला हवंस."

तिच्याशी वाद घालत बसायला वेळ नव्हता. फाटकाशी पोहोचले तर तिथं म्हातारा तेदोंगमो आपली दारूची बंदूक ठासत उभा. मानकऱ्याला बंदुकीची सलामी लागते, आणि बाबांच्या जोडीदाराशिवाय ती कोण देणार? त्याचे डोळे वाहत होते. मी त्याच्या हाताला लटकलेच.

"काका, नको. बाबा आत आहेत."

"आत असणारच. बाहेर कोण ठेवील?"

"जिवंत आहेत. तुमच्या आवाजानं खरंच जातील."

तो माझ्याकडे बघत राहिला. मग बंदुकीकडे. "आता भरलीय," तो म्हणाला. "आता काय करू हिचं?"

"धरून उभे राहा. चापाला बोट लावलंत तर बघा."

मी घराला वळसा घालून मागं गेले. बाबा केळीच्या सावलीत चघळायची कोलाची फळं निवडत बसले होते, एक एक दाबून, किडकी बाजूला टाकत. मी श्वास घ्यायला थांबले, आणि नेमका तेव्हाच वळणावर बायकांनी गळा काढला.

बाबांनी मान वर केली. "कोण गेलं?"

मी त्यांच्या टोपलीशी वाकले. "बाबा, आधी बसा."

"बसलोच आहे."

"प्रिस्का तुमच्या आसनावर बसली. फोटोसाठी. तिच्या मनात काही नव्हतं, बाबा, पाय दुखत होते तिचे. फोटो सगळीकडे गेला."

त्यांचा हात टोपलीत तसाच राहिला. "शिंग?"

"तेही होतं हातात."

त्यांचा हात छातीकडे गेला आणि मी पुढं झाले. पण त्यांनी सदऱ्याचं बटण लावलं आणि म्हणाले, "म्हणजे मी गेलो."

"लोकांना तसं वाटतंय."

"मला रडतायत ना? बघू तरी. काठी दे."

त्यांना हाताला धरून मी पुढच्या अंगाला आणलं. ओसरीच्या खांबाशी आलो, तोच फाटकातून एक छोटा ट्रक आत शिरला. गास्तोनदादा, माझा थोरला भाऊ, जवळच्या बाफुसाम शहरातून. ट्रकमध्ये मांडवाचं कापड, मोठाली पातेली, आणि पांढऱ्या प्लॅस्टिकच्या खुर्च्यांचे थर. भाड्याच्या. दादानं खाली उडी मारली आणि माणसांवर ओरडायला लागला, पुढची रांग मानकऱ्यांची, खुर्च्या पुसून लावा, इथं नको, तिथं. बाबांनी माझा दंड घट्ट धरला. आम्ही खांबाआड तसेच उभे राहिलो.

मी हातातल्या फोनकडे बघितलं. आत्याचा, चुलतभावांचा, शेजाऱ्यांचा, सगळ्यांचे फोन येऊन गेले होते. दादाचा एकही नव्हता.

मग बाबा ओसरीवर आले. बायकांचं रडणं मध्येच तुटलं. जुलियेनकाकू मटकन खालीच बसली आणि आता खरोखरच रडू लागली. तेदोंगमो फाटकातूनच ओरडला, "अरे मेल्या, भरलेली बंदूक घेऊन किती वेळ उभा राहू?"

"लांब माळावर जाऊन उडव," बाबा म्हणाले. "नाताळाची म्हणून."

लोक हसले. दादा हसला नाही. त्याच्या हातात एक खुर्ची तशीच होती.

"तुझ्यामुळे झालं हे," तो मला म्हणाला. "मी सांगितलं होतं, आसन घराबाहेर काढू नये. आता बकरा कापा, शुद्धी करा. आणि त्या पोरीनं या अंगणात पाय ठेवता कामा नये. बापाच्या जिवावर उठली."

माझं तोंड सुटणारच होतं, पण बाबांनी हात वर केला. "पोर थकली म्हणून बसली. ती येणार, आणि माझ्या पानात जेवणार. खुर्च्या मांड. आणल्यास ना भाड्यानं?"

"बाबा, आता कशाला..."

"मांड म्हटलं. दुःखाला आलेल्यांना उपाशी पाठवतात का?"

आणि ते उतरून पुढच्या रांगेत बसले. चुली पेटल्या, बायकांनी तारोचे कंद उकडायला घातले, तेदोंगमो माळावरून परत आला आणि बाबांना दिसेल अशा जागी बसून पुन्हा डोळे पुसू लागला. जो तो येऊन बाबांचा हात हातात घेऊन बघत होता. ऊब आहे की नाही याची खात्री करून घ्यावी तसा. मी प्रिस्काला फोन केला, सांगितलं, रडू नकोस, जिवंत आहेत, तुला जेवायला बोलावलंय. ती आणखीच रडली.

बऱ्याच वेळानं बाबांनी मला जवळ बोलावलं. "आत्या रडली?"

"हुंदके देत होती. फोन ठेवेना."

"हं." ते समोर बघत होते. दादा मांडवाचं कापड पुन्हा ट्रकमध्ये भरत होता, पाठमोरा. "आपण खांबाआड होतो ना, तेव्हा मी त्याच्या तोंडाकडे बघत होतो. बराच वेळ बघत होतो." मग हळू आवाजात म्हणाले, "रडला नाही गं तो."

सबंध वाट मी एकाच भीतीनं आले होते, की यांना धक्का बसेल. बायकांना थोपवायला गेले, बंदूक थोपवली. आणि धक्का बसला तो असा, माझ्या डोळ्यांदेखत, आणि मी काहीही करू शकले नव्हते. मी त्यांचा हात दोन्ही हातांत धरून ठेवला.

"प्रदर्शन कधी संपतं तुझं?" त्यांनी विचारलं.

"नव्या वर्षानंतर."

"संपलं तरी आसन घरी आणू नकोस. मी असेपर्यंत तिथंच राहू दे, दोराच्या आत."

मी हो म्हणाले. दुसरं काय म्हणणार?