बाबांनी नीट केलेली अंडी

ईस्टरला माहेरी आले की माझ्या डोक्याला ताप सुरू होतो. सगळ्यांनी टेबलाभोवती बसायचं, अंड्याला सुईने दोन्हीकडून भोकं पाडायची, गाल दुखेपर्यंत फुंकून आतलं बाहेर काढायचं आणि रिकामं कवच रंगवायचं. त्यापायी चार दिवस तिन्ही त्रिकाळ ऑम्लेट खावं लागतं, त्याबद्दलही माझं काही म्हणणं नाही. माझं म्हणणं बाबांबद्दल आहे.

बाबांनी जन्मभर दुकानांच्या पाट्या रंगवल्या. वाकडी रेघ त्यांना बघवतच नाही. त्यामुळे आम्ही अंडी वाळत ठेवली की ते हळूच ब्रश घेऊन बसतात आणि ती नीट करतात. जरासा हात फिरवला, म्हणतात. तो असा फिरतो की मूळचं नखभरही उरत नाही. कपाटात प्रत्येकाचं दरवर्षीचं अंडं जपून ठेवलंय. माझी सव्वीस आहेत आणि एकावरही माझी रेघ नाही. आईला सांगावं तर ती म्हणते, जाऊ दे ना, छान दिसतंय की.

यंदा माझ्या लेकीने पहिल्यांदाच अंडं रंगवलं. सहा वर्षांची आहे. तिने पाच पायांची मांजर काढली. पाचवा पाय म्हणे बाकीचे दमल्यावर वापरायला. मी बाबांना बजावलं, हिच्या अंड्याला बोट लावायचं नाही, हिचं एक तरी हिचं राहू दे. ते म्हणाले, मी कशाला लावतोय?

दुपारी ओटा आवरून येते तर मांजर चार पायांवर ऐटीत उभी. मिशासुद्धा मोजून, दोन्हीकडे तीन-तीन. माझं डोकंच फिरलं. तोंडाला येईल ते बोलले. बाबा चष्मा पुसत बसले. पाय जास्त झाला होता गं, एवढंच त्यांचं उत्तर.

लेक मात्र रडली नाही. तिने मांजर नीट निरखली. तिला वाटलं, या घरात हे असंच करतात, एकाने काढायचं आणि दुसऱ्याने सुधारायचं. मग तिने बाबांचं अंडं उचललं. तीन दिवस खपून त्यांनी त्यावर नाजूक वेल काढली होती. हिने सगळ्यात जाड ब्रश घेतला आणि नारिंगी रंगात बुडवला. मी दोन पावलांवर उभी होते. अडवता आलं असतं. नाही अडवलं.

“पानं फार बारीक होती, आजोबा,” ती म्हणाली. “आता नीट झालं.”

बाबांनी अंडं तळहातावर फिरवून फिरवून पाहिलं. पोरगी शाबासकीची वाट बघत होती, मग तिला छान म्हणाले. ती हात धुवायला पळाली.

“माझं चांगलं होतं गं,” ते मला हळूच म्हणाले.

इतक्या वर्षांचं साठलेलं सुनावायला याहून चांगली वेळ आली नसती. पण आवाजच चढेना.

“माझीही चांगली होती, बाबा,” मी म्हणाले.